मुरूम : रस्त्यावरचा नव्हे, चेहऱ्यावरचा

— ऊस विकास अधिकारी



बेणे, खत, पाणी आणि हुमणी सोडून दुसऱ्या कशावर या पानावर मी आजवर लिहिलेले नाही. या अंकासाठीही खोडवा व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. पण गेल्या हंगामाच्या तोंडावर गट ऑफिसात एक प्रसंग घडला. तो मनातून जाईना, म्हणून खोडवा पुढच्या अंकावर ढकलून आज हा वेगळा विषय घेतला आहे.

सप्टेंबर महिना होता. ऊस नोंदीची यादी तपासत बसलो होतो. आपले एक जुने सभासद आले. नाव लिहीत नाही, कारण कळलेच असेल, गावात एकाला कळले की चारजणांना कळते. बाकावर बसले आणि म्हणाले, "साहेब, मुरमाचं कायतरी बघा."

हंगामाआधी ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर मुरूम टाकायची मागणी दर वर्षी येतेच. मी वही उघडली. म्हणालो, "तुमच्या वस्तीचा रस्ता यादीत घेतलाय. किती ब्रास लागेल?"

"रस्त्यावरचा न्हाय वो साहेब. पोरीच्या तोंडावरचा."

चिटबॉय फिसकन हसला. सभासद मात्र हसले नाहीत. मुलगी बारावीला आहे, तोंड भरून मुरूम आले आहेत, पाहुण्यारावळ्यांत कोणीतरी तिच्यासमोरच बोलले, तेव्हापासून पोरगी कॉलेजला जायला मागत नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितले. "घरातला आरसा उलटा करून ठेवलाय तिनं," म्हणाले. मग खिशातून एक चेपलेली नळी काढून टेबलावर ठेवली. "ही मेडिकलमधनं आणली. आठ दिवसांत तोंड गोरंपान झालं हुतं. लावायची थांबवली की दुप्पट आलं. तुमाला औषधातलं कळतं, नळीवरचं वाचता येतं, म्हणून तुमच्याकडं आलो."

मंडळी, मी डॉक्टर नाही. माझी पदविका शेतकीची. पण लेबल वाचायची सवय आहे, आणि हेच दुखणे वर्षभरापूर्वी माझ्या स्वतःच्या घरात होऊन गेले होते. म्हणून त्या नळीवरची बारीक अक्षरे मला लगेच ओळखू आली. ते काय होते, ते पुढे सांगतो. आधी माझ्या घरची चूक सांगतो, म्हणजे तुमच्या घरी ती होणार नाही.

माझीच चूक

माझ्या मुलाला दहावीच्या वर्षात मुरूम आले. कोणीतरी सांगितले की बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल चांगली. सांगणाऱ्याचे खोटे नव्हते. दुकानात गेलो तर दोन नळ्या दाखवल्या. एक अडीच टक्क्यांची, एक दहा टक्क्यांची. मी काय केले असेल? दहाची घेतली. म्हटले, चौपट ताकद, चौपट गुण. घरी येऊन पोराला सांगितले, सकाळ-संध्याकाळ जाड थर दे.

पाचव्या दिवशी पोराचे तोंड भाजल्यासारखे लाल झाले. कातडीचे पापुद्रे निघाले, डोळ्यांखाली सूज आली. सराव परीक्षेला तोंडाला रुमाल बांधून गेला. भरीस भर म्हणून एका सत्कारात मला मिळालेला गर्द तांबडा टॉवेल जागोजागी पांढरा पडला. बायको म्हणाली, "शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून सांगता, तणनाशकाचा डोस वाढवू नका, ऊस पिवळा पडेल. आणि घरात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलाला जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळी बघितली आणि म्हणाले, "औषध बरोबर आहे. मात्रा चुकली, रीत चुकली, घाई झाली." आठ दिवस सगळे बंद ठेवायला लावले, आणि नंतर तेच औषध अडीच टक्क्यांचे, एक दिवस आड, दिले. तीन महिन्यांत तोंड निवळले.

म्हणजे औषध तेच, घर तेच, पोरगाही तोच. फरक मात्रेचा आणि धीराचा. आज मला एवढेच सांगायचे आहे.

मुरूम येतो कशाने?

आपल्या कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरके वाढली की या ग्रंथी जास्त तेल सोडतात. मेलेल्या कातडीचा भुगा आणि हे तेल मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. ठिबकच्या नळीत कचरा अडकून ड्रीपर तुंबतो, तसेच. तुंबलेल्या जागेत एक जिवाणू वाढतो, त्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात. मग सूज येते, लाली येते, पू होतो.

यात पोरीचा काही दोष नाही. ती तोंड धूत नाही म्हणून मुरूम येत नाहीत, की पोटात 'गरमी' झाली म्हणूनही नाही. दिवसातून दहादा साबणाने घासले तर कातडी उलट जास्त चिडते. दोन वेळा, सौम्य साबणाने, हलक्या हाताने धुणे पुरे. नखाने फोडायचे तर मुळीच नाही. मुरूम जातो, पण फोडल्याची खाच जन्मभर राहते.

एक मात्र खरे. डोक्याला चप्प तेल लावून ते कपाळावर उतरत असेल, तर कपाळावरचे मुरूम वाढतात. तेल जरा हात राखून लावावे.

बेंझॉइल पेरॉक्साइड काय करते?

मुरुमातल्या त्या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड कातडीत शिरून प्राणवायू सोडते आणि तो जिवाणू मरतो. शिवाय छिद्रातले बूचही थोडे सैल होते.

याचा आणखी एक मोठा गुण आहे, आणि तो आपल्याला चटकन कळेल. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारले की कीड त्याला सरावते, हे आपण पाहिले आहे. मुरुमावरच्या नुसत्या प्रतिजैविकाच्या मलमांचे तसेच होते. जिवाणू त्यांना दाद देईनासा होतो. बेंझॉइल पेरॉक्साइडला तो असा सरावत नाही. म्हणून डॉक्टर प्रतिजैविकाचे मलम एकटे देत नाहीत, सोबत हे देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही हे औषध आहे.

लाल, सुजलेल्या आणि पू धरलेल्या मुरुमांवर हे विशेष चालते. नुसते काळे-पांढरे बारीक दाणे जास्त असतील, तर डॉक्टर बहुधा ॲडापेलीनसारखे दुसरे औषध देतात किंवा दोन्ही जोडून देतात.

कोणता आकडा घ्यावा?

बाजारात साधारण अडीच, पाच आणि दहा टक्के अशा ताकदीचे मिळते. अमेरिकेत १९८६ साली १५३ रुग्णांवर या तिन्ही ताकदींची तुलना झाली. सुजलेले मुरूम कमी करण्यात अडीच टक्क्यांचे औषध पाच आणि दहाच्या बरोबरीने उतरले. आग, लाली आणि पापुद्रे मात्र दहाच्या मानाने अडीचमध्ये कमी. दहाची नळी घेऊन मी काय मिळवले? पोराचे तोंड भाजून घेतले. आपल्याकडे म्हणतात ना, अति तेथे माती.

तेव्हा चेहऱ्यासाठी सुरुवात अडीच टक्क्यांनीच करावी. पाठीवर, छातीवर मुरूम असतील तर धुऊन टाकायचे फेसवॉशसारखे औषध सोयीचे पडते. ते लावून दोन ते पाच मिनिटे ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. कपड्यांची नासाडीही कमी होते. बारा वर्षांखालच्या मुलाला आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही लावू नये.

लावायची रीत

१. पहिले तीन दिवस चाचणी. जबड्याखाली किंवा एक-दोन मुरुमांवर अगदी थोडे लावून बघावे. नवे तणनाशक आपण आधी एका सरीवर मारून बघतो, तसेच.

२. रात्री तोंड धुऊन, टिपून, पूर्ण कोरडे होऊ द्यावे. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ओल्या कातडीवर लावले तर आग जास्त होते.

३. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे पुरे. नुसते मुरुमावर टिपके द्यायचे नाहीत. जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ हात फिरवायचा. उद्याचा मुरूम आज कातडीखाली तयार होत असतो.

४. डोळे, पापण्या, ओठ, नाकपुडीचे कोपरे आणि जखम यांपासून लांब ठेवावे. नुकतीच दाढी केलेल्या गालावरही लावू नये.

५. पहिले दोन आठवडे एक दिवस आड. सोसले तर रोज रात्री. कातडी फार कोरडी पडली तर तेल नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे, आणि दोन दिवस विश्रांती द्यावी.

६. लावल्यावर हात धुवावेत. हे औषध रंग उडवते. उशीला पांढरा अभ्रा, तोंडाला पांढरा टॉवेल. केसांना, भुवयांना आणि मुलीच्या नव्या ड्रेसच्या गळ्याला लागू देऊ नये.

७. दिवसा उन्हात जायचे तर टोपी, ओढणी किंवा सनस्क्रीन वापरावे. कातडी उन्हाला हळवी होते.

८. डॉक्टरने ट्रेटिनॉइनही दिले असेल तर दोन्ही एकावर एक लावू नयेत. त्याच्या जुन्या प्रकारातल्या औषधाची ताकद बेंझॉइल पेरॉक्साइडने जाते. एक सकाळी, एक रात्री, असे डॉक्टर सांगतील तसे करावे. स्वतःच्या मनाने पाच नळ्यांचे मिश्रण करणे म्हणजे एकाच पंपात चार औषधे ओतण्यासारखे आहे.

थोडी चुणचुण, थोडी लाली, थोडे पापुद्रे हे सुरुवातीला चालायचेच. पण तोंड सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला किंवा चक्कर आली, तर औषध ताबडतोब बंद करून थेट दवाखाना गाठावा. असे क्वचित होते, पण होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिलेला आहे.

नळी कोठे ठेवावी?

मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत नळी विसरू नये. उष्णतेने बेंझॉइल पेरॉक्साइड फुटते आणि त्यातून बेंझीन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. २०२४ मध्ये एका अमेरिकन प्रयोगशाळेने हा प्रश्न उचलला. मग तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली आणि मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन सापडले नाही किंवा अगदी नगण्य सापडले. थोडी उत्पादने बाजारातून मागे घेतली गेली. म्हणून घाबरून औषध टाकून देण्याचे कारण नाही. पण नळी घरात थंड, सावलीच्या जागी ठेवावी, मुदत बघून घ्यावी आणि मुदत संपली की टाकून द्यावी. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण बघतोच की.

ती चेपलेली नळी

आता त्या सभासदाच्या नळीकडे वळू. तिच्यात बेंझॉइल पेरॉक्साइड नव्हतेच. तिच्यात होते स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे नळीवर बारीक अक्षरांत असतात. ही औषधे वाईट नाहीत. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर ती मोजून देतात. पण मुरुमावर किंवा गोरे होण्यासाठी लावली की आठ दिवस जादू दिसते आणि मग कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसू लागतात, मुलींच्या तोंडावर लव वाढते. थांबवले की मुरूम पहिल्यापेक्षा जोरात उसळतात. म्हणून माणूस पुन्हा तीच नळी आणतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण दुकानात मागणारा असला की देणाराही असतो. चिठ्ठी मागायची सवय आता आपण स्वतःला लावली पाहिजे.

मी सभासदांना एवढेच म्हणालो, "ही नळी पोरीच्या हातातून काढून घ्या, पण आज दुसरी कोणतीच आणू नका. उद्या तिला घेऊन डॉक्टरकडे जा. बरेच दिवस लावलेली आहे, बंद कशी करायची ते त्यांनाच सांगू दे." ते गेले. डॉक्टरांनी आधी कातडी शांत केली. दोन महिन्यांनी अडीच टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड सुरू केले.

धीर किती धरायचा?

लागण केली की चौथ्या दिवशी आपण कांडी उकरून बघतो का? उगवण पुरी व्हायला महिना-दीड महिना जातो, हे आपल्याला ठाऊक असते. इथेही तेच आहे. चार ते सहा आठवड्यांत फरक दिसू लागतो, आणि औषध चालले की नाही हे ठरवायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पुढच्या रविवारी मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून या रविवारी औषध चोपडायचे, हे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असे झाले. आणि तोंड स्वच्छ झाले म्हणून लगेच बंदही करू नये. लागणीचे पीक चांगले आले म्हणून खोडव्याकडे कोणी पाठ फिरवत नाही.

तीन महिने नीट लावूनही गुण नाही, मोठ्या दुखऱ्या गाठी आहेत, खाचा पडत आहेत, किंवा मुलीची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस वाढत आहेत, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडेच जावे. आणि पोरगे किंवा पोरगी घराबाहेर पडेनासे झाले असेल, तर मुरूम चार असोत की चाळीस, दुखणे मोठे समजावे.

साखरेचे काय?

हा प्रश्न मला हटकून विचारला जाईल. साखर कारखान्याच्या वार्तापत्रात त्याचे उत्तर टाळणे बरे दिसणार नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे खाणे, म्हणजे मैदा, गोड पेये, मिठाई, यांचा मुरुमांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पुरावा अजून पक्का नाही. चहातल्या साखरेने मुरूम येतात असे कोणी म्हणू नये, पण रोज बाटलीबंद गोड पेय पिणाऱ्या पोराने ते कमी केले तर त्याचे नुकसान काहीच नाही. आपली साखर थोडी कमी खपली तरी चालेल.

शेवटी

हा मजकूर छापण्याआधी माझ्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवला आहे. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि एक वाक्य वाढवायला सांगितले. ते असे : "मुलांना मुरुमावरून कोणी घरात टोचून बोलू नये."

मार्चमध्ये ते सभासद पुन्हा ऑफिसात आले. मी विचारायच्या आत म्हणाले, "पोरीनं बारावीचे सगळे पेपर दिले. डाग हायेत अजून थोडे. पण आरसा सरळ केलाय."

मग जरा थांबून म्हणाले, "आता साहेब, त्या रस्त्यावरच्या मुरमाचं तेवढं बघा. हंगाम संपला, पण दोनच ब्रास पडलाय."

वहीत नोंद केली आहे. येत्या हंगामाआधी रस्ता होईल.